ढोरायचं टाचण

बी.एड.च्या वहीत गाय सरळ शिरू शकत नाही. आधी तिला उद्दिष्टांच्या रकान्यातून जावं लागतं. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी चार उद्दिष्टं, प्रत्येकासमोर स्पष्टीकरणं, आणि प्रत्येक स्पष्टीकरणाच्या शेपटाला 'विद्यार्थी ओळखतो', 'विद्यार्थी फरक सांगतो', 'विद्यार्थी वर्गीकरण करतो' अशी क्रियापदं. गाईच्या पोटाचेही कप्पे चारच. तिथंही आधी गिळलेलं पुन्हा तोंडात येतं, पुन्हा चघळलं जातं, पुन्हा खाली जातं. फरक इतकाच, की गाईच्या अंगी शेवटी काहीतरी लागतं.

माझी भाची या रकान्यांत अडकली तेव्हा ती ओसरीवर होती आणि मी कोठ्यात. मुलगी हुशार. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पदवी घेतलेली, पशुसंवर्धनाचे पेपर उत्तम गुणांनी सोडवलेले. पण वाढली अमरावतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे तिची आणि गाईची ओळख कागदोपत्री. बी.एड.च्या आंतरवासितेसाठी तिला आमच्याकडची शाळा मिळाली, नववीचा वर्ग मिळाला, आणि कृषी विषयाचा पहिलाच घटक मिळाला तो पशुधन. तासिका पाच.

"मामा, पाच तासांत सगळं पशुधन बसवायचं आहे."

मी म्हटलं, "आमच्या कोठ्यात पाच ढोरं बसता बसत नाहीत, तू सगळं पशुधन कुठं बसवतेस?"

हे तिनं पाठाच्या टाचणात लिहिलं नाही.

आता आमचं गाव म्हणजे गुरुकुंज मोझरी. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या तिवसा तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम उभा केला, ते हे ठिकाण. इथं कोणतंही काम गुपचूप करता येत नाही. शिकवण्याचं तर नाहीच. महाराजांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय. त्यात ग्राम-आरोग्यापासून जीवन-शिक्षणापर्यंत सगळं आलं, आणि 'गोवंश-सुधार' नावाचा एक अख्खा अध्यायही आला. सामुदायिक प्रार्थनेहून परतणाऱ्या गावातल्या आबाजींना कुणीतरी सांगितलं, की पोरगी शाळेत ढोरायचा धडा घेणार आहे. ते फाटकापाशी थांबले.

"पाच तास कायले पायजेत व तुले? महाराजांनी एका अध्यायात सांगून ठेवलं ना."

"आबाजी, आम्हांला पद्धतीनं घ्यावं लागतं."

"कोनाच्या?"

भाचीनं हर्बार्टचं नाव सांगितलं. हर्बार्ट हा १७७६ साली जन्मलेला जर्मन तत्त्वज्ञ. त्याच्या शिष्यांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि त्या आपल्याकडे पंचपदी म्हणून बी.एड.ला चढाव्या लागतात. आबाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या घरी ढोरं होते का?" भाचीकडे या प्रश्नाचं स्पष्टीकरण नव्हतं.

त्या दिवसापासून अर्धं गाव तिचं पाठनिरीक्षक झालं. खरा निरीक्षक कॉलेजातून येतो, मागच्या बाकावर बसतो आणि जातो. हे जात नाहीत.

पहिली तासिका प्रस्तावनेची. प्रस्तावना म्हणजे मुलांना प्रश्न विचारत विचारत अशा जागी आणून सोडायचं, की घटकाचं नाव त्यांच्याच तोंडून पडावं आणि मग आपण चकित होऊन ते फळ्यावर लिहावं. भाचीनं वहीत प्रश्न आणि अपेक्षित उत्तरं समोरासमोर मांडली होती. 'सकाळी उठल्यावर तुम्ही काय पिता? : चहा. चहा पांढरट कशाने होतो? : दुधाने. दूध आपल्याला कोण देते? : गाय, म्हैस.' तीन प्रश्नांत गाय हजर.

वर्गात पहिला प्रश्न बरोबर गेला. दुसऱ्याला एक मुलगा उभा राहिला.

"मॅडम, आमच्या घरी काळा चहा असते."

"तुमच्याकडे गाय नाही का?"

"हाये ना. दोन हायेत."

"मग दूध?"

"दूध डेअरीले जाते, मॅडम."

या मुलाच्या उत्तरात दुग्धव्यवसायाचं अर्थशास्त्र पूर्ण होतं. गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून ठरतो, त्याच्या खाली गेलं की कापतात, आणि ढेपीचं पोतं घरात येतं ते या दुधातूनच. गाय विकत घेणं सोपं, तिचं दूध स्वतः पिणं महाग. पण अपेक्षित उत्तरांच्या रकान्यात काळ्या चहाला जागा नव्हती. भाचीनं मागच्या बाकाकडे मोर्चा वळवला. दूध कोण देतं? महामार्गालगतच्या नव्या घरांतली एक मुलगी आत्मविश्वासानं म्हणाली, "पिशवी."

त्या रात्री भाची जेवताना गप्प होती. मला मात्र वाटलं, पहिल्याच तासाला तिला सगळं हाती लागलं. एकाच बाकावर एक पोरगं असं बसलंय, ज्याला गाईबद्दल शिकवायचं काही शिल्लक नाही, आणि त्याला खेटून दुसरं असं, ज्याला गाय म्हणजे रस्त्यात आडवी येणारी अडचण. टाचणाचा नमुना मात्र धरून चालतो, की वर्गात साठच्या साठ मुलं सारखीच कोरी आहेत. हल्ली ज्ञानरचनावाद म्हणून आहे. मुलं आपलं ज्ञान आपण रचतात आणि शिक्षक केवळ सुलभक असतो म्हणे. आमच्या पोरांचं रचून झालं होतं. सुलभकाला आत शिरायलाच वाट नव्हती.

दुसऱ्या तासाला जाती. त्यासाठी तिनं अमरावतीहून तक्ता आणला. तक्त्यावर गाय होती, गाईखाली हिरवंगार गवत होतं आणि गाईमागे बर्फाचा डोंगर. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात असा तक्ता भिंतीवर लावणं हे ढोरांना डिवचण्यासारखं आहे. मुलांनी गवताकडे पाहून हळहळ व्यक्त केली. जर्सी, होल्स्टिन, गीर अशी नावं झाली. मग भाचीनं विदर्भाची गवळाऊ सांगितली: पांढरी, चपळ, ओढकामाला चांगली, वर्धा-नागपूरकडची. यवतमाळकडे उमरडा सांगतात, तीही सांगितली. मुलांनी लिहून घेतलं. शेवटी एकानं विचारलं, "मॅडम, आमची कोन्ती?"

हा प्रश्न देशालाही पडलेला आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतात १९ कोटींवर गाई-बैल मोजले गेले. त्यातली बरीचशी जनावरं कुठल्याच नावाच्या जातीत बसत नाहीत. सरकारी कागदावर त्यांना अवर्णित म्हणतात, आपण गावठी म्हणतो. पुस्तकात ज्यांची चित्रं आहेत त्या गाई गावात नाहीत आणि गावात ज्या आहेत त्यांचं चित्र काढायला कुणी आलं नाही. "लिहा, गावठी," भाची म्हणाली. मुलांचे चेहरे पडले. बकऱ्यांची पाळी आली तेव्हा जरा बरं वाटलं, कारण बेरारी नावाची शेळी रीतसर नोंदलेली आहे आणि ती आपली आहे. आपल्या प्रांताचं इंग्रजी अमदानीतलं नाव आता नकाशावर नाही, बकरीवर आहे.

म्हशीवरून मात्र वाद पेटला. 'म्हशीचा रंग काळा असतो' हे वाक्य फळ्यावर चढताच मागून आवाज आला, "सगळ्याइचा नाई." हा मुलगा दर्यापूरकडचा, मामाकडे पूर्णाकाठी सुट्ट्या घालवलेला. त्याच्या मामाची म्हैस भुरी. बाकीचे हसले. भुरी म्हैस असते का कुठं! पण पोरगं हटेना. भाचीनं प्रसंगावधान राखून 'हे आपण उद्या पाहू' असं म्हटलं. बी.एड.ला हे एकच वाक्य न शिकवता येतं. रात्री तिनं पुस्तकं काढली. पूर्णाथडी म्हैस: पूर्णेच्या खोऱ्यातली, अमरावती-अकोला-बुलढाण्याची, पांढुरकी ते फिकट तपकिरी. दुसऱ्या दिवशी तिनं ते वर्गात वाचून दाखवलं. पोरगं उभं राहिलं नाही, हसलंही नाही. नुसतं शेजारच्याकडे पाहिलं. सोबतीला तलवारीसारख्या लांब, मागं खांद्यापर्यंत गेलेल्या शिंगांची नागपुरी म्हैस आली, जिला एलिचपुरीही म्हणतात. आपलं अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, म्हशीच्या शिंगावर बसून पुस्तकात गेलेलं पाहून वर्गानं टाळ्या वाजवल्या.

दातांवरून वय ओळखणे हा तिसऱ्या तासाचा विषय. इथं कौशल्य हे उद्दिष्ट होतं. भाचीनं विचारलं, "गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात किती?" हा प्रश्न शहरातल्या माणसाला बुचकळ्यात टाकतो, कारण उत्तर आहे शून्य. वर नुसती कडक हिरडी, खाली आठ दात. वर्गानं एकसुरात "नाईच" म्हटलं. मग बाजारात बापासोबत जाणाऱ्या एका पोरानं शेजारच्याचा जबडा धरून प्रात्यक्षिक सुरू केलं. दुधाचे दात पडले नसतील तोवर आदत. दोन वर्षांच्या आसपास पहिली जोडी बदलली की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि चार-साडेचार वर्षांनी आठही आले की जुळला. "जुळल्यावर मंग वय नाई सांगत, मॅडम. मंग भाव सांगते." शेजारचा या वर्गवारीत जुळलेला निघाला.

हाच पोरगा मग रुमालाखालचा सौदाही सांगायला लागला. हेडी, म्हणजे ढोरांचा दलाल, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, चेहरे कोरे ठेवतात, आणि भोवतीच्या पन्नास माणसांना पत्ता न लागता हजारांचा व्यवहार होतो. भाचीनं हे अध्यापनात बसवावं तरी कुठं? सूक्ष्म अध्यापनात प्रश्नकौशल्य आहे, प्रबलन आहे, चेतक बदल आहे. न बोलता बोटांनी भाव सांगण्याचं कौशल्य नाही. असतं तर निम्मे प्राध्यापक नापास झाले असते.

गर्भकाळाचा तक्ता तिनं घरीच बनवला. गाय २८० दिवस, म्हैस ३१०, शेळी १५०. माझी आई पाठीमागून बघत होती. तिला आकडे वाचता येतात, पण ती त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

"दिवाळीले भरली तं गाय राखीले जनते," ती म्हणाली. "अन् म्हैस गनपती बुडवल्याबिगर मोकळी होत नाई."

भाचीनं कालनिर्णय उतरवलं आणि मोजायला बसली. दिवाळीच्या अमावास्येपासून राखी पौर्णिमा साडेनऊ चांद्रमास, म्हणजे दोनशे ऐंशीच दिवस. अनंत चतुर्दशी तीनशे नऊ. तिनं दोनदा मोजलं.

"आणि अधिक महिना आला तर?"

"धोंडा आला तं एक महिना आंधी," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला गेली. भाचीनं तक्त्यात तिसरा रकाना आखला. त्याचं शीर्षक काय द्यावं यावर अर्धा तास गेला.

चाऱ्याचा भाग ती पटकन उरकणार होती. वाळला, हिरवा, खुराक, संपलं. मी मध्ये पडलो. वऱ्हाडात चारा हा विषय उरकायचा नाही, कारण ढोरं कमी का झाली याचं उत्तर तिथं आहे. पूर्वी ज्वारी होती. माणसाला भाकर आणि बैलाला कडबा एकाच ताटातून मिळे. मग सोयाबीन आलं, ज्वारीचं वावर आक्रसत गेलं. सोयाबीनचं कुटार बैल खातो, पण कडब्याची सर नाही. आणि पऱ्हाटीचं जळतण होतं, वैरण होत नाही. कपाशीतून सरकी, सरकीतून ढेप, ही एवढी साखळी शाबूत आहे, तीही विकत. कडबा गेला तिथं बैलजोडी टिकणं कठीण झालं, आणि दाराशी ट्रॅक्टर उभा होताच. आता पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या मोजायला हाताची बोटं पुरतात अशी गावं आहेत. दुसऱ्या दिवशीच्या तान्हा पोळ्याला मात्र लाकडी नंद्यांची रांग रस्ता अडवते. लाकडाच्या बैलाला कुटार लागत नाही. भाचीनं हे सगळं ऐकून टाचणात एक ओळ लिहिली: 'विद्यार्थी चारा व पशुसंख्या यांतील सहसंबंध सांगतो.' आमच्या तालुक्याचा तीस वर्षांचा इतिहास एका ओळीत मावला, हे मात्र मान्य करायला हवं.

चौथी तासिका निरीक्षकांसमोर होती. त्या दिवशीच्या टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात तिनं लिहिलं: खडू, फळा, मोजपट्टीची टेप, बैल (१).

बैल माझा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण बैल वर्गात न आणता निंबाखाली बांधावा अशी अट घातली. जशी काही मी त्याला पहिल्या बाकावर बसवणार होतो. विषय होता टेपनं वजन काढणे. गावात जनावर तोलायचा काटा कुठून आणणार? पण जंताचं औषध वजनावरच द्यायचं असतं, म्हणून हे सूत्र कामाचं. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर मोजायचा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०. सगळं सेंटिमीटरमध्ये घेतलं की उत्तर किलोत येतं.

सूत्रात बैल स्थिर धरलेला असतो. निंबाखालच्या बैलाला पोटाखालून फिरणारी टेप म्हणजे गोमाशी वाटली, आणि त्यानं गोमाशीला द्यायचं ते उत्तर शेपटीनं दिलं. ते भाचीच्या गालावर बसलं. तरी तिनं टेप सोडली नाही. काळ्या चहाच्या पोरानं पुढं होऊन बैलाचं वशिंड खाजवलं, बैलानं मान ढिली सोडली आणि डोळे अर्धवट मिटले. प्रबलन म्हणतात ते हेच असावं. घेर १६०, लांबी १४०. वर्ग गुणाकाराला लागला, गणिताचे गुरुजी खिडकीतून कौतुकानं पाहत राहिले, कारण घेराचा वर्ग करायला ही मुलं त्यांच्या तासाला कधी तयार नव्हती. उत्तर आलं ३३० किलो.

कुंपणापलीकडे आबाजी उभेच होते. त्यांना कुणीतरी विचारलं. त्यांनी बैलाकडे नजर टाकली, कापसाच्या गाठोड्याकडे टाकतात तशी.

"सव्वातीन क्विंटल असन." आणि जाता जाता, "याले हमीभाव हाये का मंग?"

निरीक्षक हा सगळा वेळ व्हरांड्याच्या खांबामागे उभे होते. त्यांना बैलाच्या मागूनही जायचं नव्हतं आणि पुढूनही. पाठ संपल्यावर त्यांनी शेरा लिहिला. तो भाचीनं मला वाचून दाखवला: 'वर्गनियंत्रण समाधानकारक. फलकलेखन अधिक ठळक हवे. शैक्षणिक साहित्य सर्व विद्यार्थ्यांना दिसेल असे उंच धरावे.'

मी बैलाला घेऊन घरी आलो. सव्वातीन क्विंटल.

पाचव्या तासाला पशुगणना, लसीकरण, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, २०२२ साली गावोगाव धास्ती पसरवून गेलेला लंपी, आणि कानातला पिवळा बिल्ला. बिल्ल्यावर १२ आकडे असतात. आधारवरही १२. भाचीनं सहज विचारलं, कुणाला आपला आधार क्रमांक पाठ आहे? एकही हात वर नाही. कुणाला आपल्या गाईचा बिल्ला? दोन हात वर. शाळेचा बाबू दारात उभा होता. मुलांची माहिती ऑनलाइन भरताना आधारासाठी त्याचा घसा कोरडा पडलेला. तो म्हणाला, "मॅडम, यायच्या ढोरायचीच माहिती भरून टाकू का? ती तं पुरी हाये."

मग घटक चाचणी. जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा, आणि चार गुणांसाठी 'पशुधनाचे चार उपयोग लिहा'. उत्तरसूचीत दूध, शेणखत, शेतीकाम, चामडे. बहुतेकांनी तेच लिहिलं. 'पिशवी' म्हणालेल्या मुलीनंही लिहिलं, आणि आता तिला कुटार म्हणजे काय हेही माहीत होतं. काळ्या चहाच्या पोरानं पहिले तीन बरोबर लिहून चौथा लिहिला, 'नडीले विकता येते.' भाची लाल पेन हातात धरून बराच वेळ बसली. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे नसले की गोऱ्हा बाजारात जातो, पोरीचं लग्न निघालं की म्हैस जाते, दवाखाना लागला की बकऱ्या जातात, हे तिला एव्हाना आमच्या ओसरीवर बसून कळलं होतं. उत्तरसूचीला मात्र कळलं नव्हतं. तिनं अर्धा गुण दिला, खोडला, पूर्ण दिला, आणि भाषेची चूक म्हणून 'नडीले' खाली रेघ मारली. मग ती रेघही खोडली. कागद फाटला.

आता पुढचा घटक कुक्कुटपालन. अंड्यावर कोंबडी एकवीस दिवस बसते, यावर माझ्या आईचा आणि पुस्तकाचा मतभेद नाही, त्यामुळे तिसऱ्या रकान्याची गरज पडणार नाही. बातमी गावात पसरली आहे आणि कालपासून तिघं जण आपापली कोंबडी सुचवून गेलेत. भाचीनं शैक्षणिक साहित्यात 'कोंबडी (१)' लिहिलं आणि त्यापुढं कंसात, निरीक्षकांच्या सूचनेला अनुसरून, 'उंच धरण्यात येईल' असंही लिहून टाकलं आहे.